इंजिन फुकट काही देत नाही

लालबागला आमच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर एक गॅरेज होते. माझे वडील तेथे मेस्त्री होते. आम्ही मुले त्यांना दादा म्हणत असू. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ साली बंद झाला. पण तेथून बाहेर पडलेल्या शेव्हरोले गाड्या त्यानंतरही कितीतरी वर्षे मुंबईच्या रस्त्यांवर धावत होत्या आणि थकल्या, खोकू लागल्या, की दादांकडे येत होत्या. एक लांब पेचकस इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाशी धरून दादा उभे राहत. वैद्याने नाडी पाहावी तसा तो प्रकार असे.

एकदा एक शेटजी आले. गाडी उत्तम चालत होती, पण त्यांचे समाधान होत नव्हते. "मेस्त्री, गाडी अजून पळाली पाहिजे," असे त्यांचे म्हणणे. दादा हात पुसत म्हणाले, "पळेल की, शेट. पण तुम्ही काय सोडणार ते आधी सांगा. पेट्रोल सोडणार, का बसण्याचं सुख सोडणार, का इंजिनाचं आयुष्य? इंजिन फुकट काही देत नाही. या खिशातून काढतं आणि त्या खिशात घालतं."

त्या वेळी मी दहा-अकरा वर्षांचा असेन. ते वाक्य तेव्हा मला गंमतीचे वाटले. पुढे १९६९ साली शिक्षणासाठी मी अमेरिकेत मिशिगन राज्यात गेलो आणि मोटारींच्या त्या पंढरीत जन्म काढला. आज वयाची ऐंशी उलटल्यावर मागे पाहतो, तेव्हा वाटते की अमेरिकेतल्या एका संपूर्ण जमान्याचा इतिहास दादांच्या त्या दोन वाक्यांत मावतो. तो जमाना ज्यांना अमेरिकन लोक 'मसल कार' म्हणतात त्या गाड्यांचा. आपण त्यांना पैलवान गाड्या म्हणू. ज्यांना मोटारीत नुसते बसणेच ठाऊक आहे त्यांनीही पान उलटू नये. ही गोष्ट यंत्राची थोडी आणि माणसांची जास्त आहे.

पैलवान गाडी म्हणजे शर्यतीची गाडी नव्हे. शर्यतीची गाडी आखाड्यात उतरते, कुस्ती मारते आणि घरी झाकून ठेवली जाते. पैलवान गाडीला मात्र कुस्तीही मारायची आणि संसारही करायचा. सोमवारी कचेरीत जायचे, मंगळवारी बाजारहाट करायचा, हिवाळ्यात बर्फात उभे राहूनही पहिल्या हाकेला उठायचे, आणि शनिवारी रात्री सिग्नलपाशी शेजारच्या गाडीने गुरगुर केली की तिला धूळ चारायची. या दोन्ही गोष्टी एका इंजिनाकडून करून घेणे, हीच खरी विद्या.

तिचे मूळ शोधीत मागे गेले तर १९३२ साली फोर्डने काढलेल्या व्ही-८ इंजिनापाशी जाऊन पोहोचावे लागते. आठ नळकांडी, इंग्रजी व्ही अक्षरासारखी दोन रांगांत मांडलेली, आणि सारा ठोकळा एकसंध ओतलेला. क्षेत्रफळ नव्हे, पोटाचे माप म्हणायचे ते २२१ घनइंच, आणि ताकद ६५ अश्वशक्ती. आठ नळकांड्यांची इंजिने आधीही होती, पण ती श्रीमंतांची. हे इंजिन कारकुनाला परवडणारे होते. त्यात दोषही होता. जळालेला वायू ठोकळ्याच्या पोटातूनच बाहेर नेलेला असल्यामुळे ते तापत असे. पण कॅलिफोर्नियातील पोरांना दोषांची पर्वा नव्हती. जुनी फोर्ड घ्यायची, तिचे पंखे-पत्रे काढून टाकायचे, इंजिनाला जास्त हवा पाजायची आणि म्यूरॉकच्या किंवा एल मिराजच्या कोरड्या पडलेल्या सरोवराच्या तळावर ती भरधाव सोडायची, हा त्यांचा उद्योग. १९३७ साली त्यांनी आपली संघटनासुद्धा काढली. महायुद्ध संपले आणि विमानांची इंजिने दुरुस्त करून हात तयार झालेले हजारो तरुण घरी परतले. मग त्या वेडाला काय तोटा!

कारखानदार जागे झाले ते १९४९ साली. त्या वर्षी ओल्ड्समोबिलने 'रॉकेट' नावाचे ३०३ घनइंचांचे, १३५ अश्वशक्तीचे इंजिन काढले. त्याच्या झडपा बाजूला नसून डोक्यावर होत्या. हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो, पण इंजिनाच्या जन्मात तो फार मोठा आहे. आपल्या घरातली शेगडी आठवावी. कोळसे तेच, पण वारा सरळ लागला तर ती फुलते, आणि वाकड्या बोळातून आला तर धुमसते. डोक्यावरच्या झडपांतून वारा सरळ आत येतो.

आणि मग १९५५ साली शेव्हरोलेचे ते छोटे व्ही-८ आले. एड कोल हे तेव्हा शेव्हरोलेचे प्रमुख अभियंते. २६५ घनइंच, १६२ अश्वशक्ती. आणि नवलाची गोष्ट अशी, की आठ नळकांड्यांचे हे इंजिन त्याच कंपनीच्या सहा नळकांड्यांच्या जुन्या इंजिनापेक्षा चाळीस-एक पौंडांनी हलके होते. झडपा दाबणारे दांडे जड ओतीव लोखंडाचे न करता पत्र्यातून दाबून काढले होते. ही युक्ती मूळची पाँटियाकच्या एका अभियंत्याची. दांडे हलके म्हणून झडपा चपळ, झडपा चपळ म्हणून इंजिन उत्साहाने फिरणारे. शिवाय स्वस्त! दोन वर्षांत त्याचे पोट २८३ घनइंचांचे झाले आणि पेट्रोल फवारणारे यंत्र बसवून कंपनीने त्यातून २८३ अश्वशक्ती काढल्याचे जाहीर केले. घनइंचाला एक घोडा! हा हिशेब अमेरिकेतल्या पोरासोरांच्या तोंडी झाला. या घराण्यातल्या इंजिनांची संख्या २०११ साली दहा कोटींवर गेली, यावरून त्या पहिल्या आराखड्याचे मोल कळावे.

आता पैलवान गाडीचा जन्म. ही हकिगत मोठी रंगतदार आहे, कारण ती एका पळवाटेची हकिगत आहे. १९६३ च्या जानेवारीत जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी आपल्या सर्व शाखांना शर्यतींपासून दूर राहण्याचा हुकूम दिला. शिवाय मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असाही नियम होता. पाँटियाकची तर सारी पत शर्यतींवर उभी. तिचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांच्या ध्यानात आले, की मध्यम टेंपेस्ट गाडीचे इंजिन आणि मोठ्या गाडीचे ३८९ घनइंचांचे इंजिन बाहेरून सारख्याच मापाचे आहे. एकाच्या जागी दुसरे सहज बसते. मग नियमाचे काय? नियम गाडीला होता. गिऱ्हाइकाने वर पैसे मोजून मागितलेल्या जादा सामानाला नव्हता! म्हणून १९६४ साली ३८९ घनइंचांचे इंजिन 'जादा सामान' म्हणून तीनशे डॉलरांच्या आत देऊ केले गेले आणि त्या सामानाला 'जीटीओ' असे फेरारीच्या गाडीचे नाव दिले. विक्री खात्याला वाटले, पाच हजार खपतील. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

३८९ घनइंच म्हणजे किती हे आपल्या हिशेबात सांगतो. त्याच काळात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या फियाट ११०० चे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे होते. तशी जवळजवळ सहा इंजिने एकत्र करावीत, तेव्हा एक जीटीओ होई. साध्या जीटीओची जाहीर ताकद ३२५ अश्वशक्ती, आणि तीन कार्ब्युरेटरच्या जीटीओची ३४८.

मी 'जाहीर ताकद' असे मुद्दाम म्हणतो. एका मोटारविषयक मासिकाने १९६४ साली जीटीओची परीक्षा घेतली आणि तिच्या वेगाने वाचकांचे डोळे दिपले. त्या गाडीत ३८९ नव्हे, तर ४२१ घनइंचांचे इंजिन गुपचूप बसवून पाठविले होते, असे ही जाहिरातबाजी सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनीच पुढे कबूल केले. कुस्तीच्या आधी पैलवान बदलण्यातला हा प्रकार!

डेट्रॉइटमधून वायव्येकडे वुडवर्ड अॅव्हेन्यू नावाचा रुंद, सरळ हमरस्ता जातो. मी गेलो त्या वर्षी शनिवारी रात्री त्याच्या कडेला उभे राहण्यासारखी दुसरी करमणूक नव्हती, आणि आम्हा विद्यार्थ्यांना परवडणारीही नव्हती. सिग्नल लाल असे तोवर इंजिने घुमत, हिरवा झाला की टायर किंचाळत आणि पुढच्या सिग्नलपाशी निकाल लागे. याच रस्त्याच्या परिसरात, रॉयल ओक गावात, रॉयल पाँटियाक हे गाड्या विकण्याचे दुकान होते. तेथले कारागीर नव्या गाडीवर जे संस्कार करीत ते पाहून मला दादांची आठवण होई. ते मोठे इंजिन बसवीत असे नव्हे. ते डोक्याखालचे गॅस्किट पातळ घालीत, म्हणजे दाब वाढे. कार्ब्युरेटरची छिद्रे जरा मोठी करीत. हवेच्या वाटेला मिळणारी धुराची ऊब बंद करीत, कारण थंड हवा घट्ट असते आणि घट्ट हवेत इंधन जास्त जळते. आणि ठिणगीची वेळ बदलीत.

ठिणगीच्या वेळेचे मर्म सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण क्षणात पेटत नाही. त्याला जळायला काळ लागतो. म्हणून दट्ट्या वर पोहोचण्याच्या थोडी आधीच ठिणगी टाकावी लागते. इंजिन जितके वेगाने फिरेल तितकी अधिक आधी. डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात दोन लहान वजने आणि दोन स्प्रिंगा हे काम करतात. कारखान्याने त्या स्प्रिंगा भित्र्या हाताने निवडलेल्या असत, कारण गाडी कोण, कोठे, कसले पेट्रोल घालून चालविणार हे त्याला ठाऊक नसे. चार-दोन आण्यांच्या स्प्रिंगा बदलून कारागीर इंजिनाला जागे करी. अतिरेक केला तर मात्र इंजिन ठोके देऊ लागे आणि दट्ट्याला भोक पडे. पुन्हा तोच खिशांचा हिशेब.

यापुढे आकड्यांचीच शर्यत लागली. १९६६ साली क्रायस्लरने अर्धगोलाकार डोक्याचे ४२६ घनइंचांचे 'हेमी' इंजिन रस्त्यावर आणले. जाहीर ताकद ४२५. १९७० साली शेव्हरोलेने ४५४ घनइंचांच्या इंजिनातून ४५० अश्वशक्ती सांगितली. हे आकडे मोजण्याची रीत मोठी मानभावी होती. इंजिन गाडीतून काढून मांडवावर ठेवायचे, हवेची गाळणी नाही, पंख्याचा भार नाही, सायलेन्सर नाही. आणि मग मोजायचे. लंगोट लावून वजन करावे आणि बंडी-पागोट्यासकट पळावे, तसे! १९७१ साली दोन्ही मोजमापे शेजारी शेजारी छापली गेली, तेव्हा कॉर्व्हेटच्या साध्या ३५० घनइंची इंजिनाची ताकद जुन्या रीतीने २७० आणि खऱ्या रीतीने २१० असल्याचे लोकांना दिसले.

पण आकडा नेहमी फुगवलेलाच असे, असेही नाही. १९६७ सालच्या कॉर्व्हेटमधले एल-८८ हे इंजिन मुळात शर्यतीचे. कंपनीने त्याची ताकद ४३० सांगितली. म्हणजे त्याच गाडीच्या कमी दांडग्या इंजिनापेक्षाही पाचने कमी! हेतू हा, की नुसता आकडा पाहून हौशी गिऱ्हाइकाने ते घरच्या रस्त्यासाठी घेऊ नये. त्या गाडीत ऊब देणारा हीटरसुद्धा नसे, आणि १०३ ऑक्टेनहून हलके पेट्रोल घालू नये अशी तंबी गाडीतच लिहून चिकटविलेली असे. त्या वर्षी तशा अवघ्या वीस गाड्या निघाल्या.

या ऑक्टेनच्या आकड्यामागेच त्या जमान्याचे खरे देणे दडलेले होते. इंजिनाला ताकद हवी तर मिश्रण अधिक दाबले पाहिजे. अधिक दाबले की त्यातला काही भाग ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता आपोआप पेटतो आणि इंजिन ठोके देते. यावर १९२१ च्या डिसेंबरात थॉमस मिजली या संशोधकाने जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत उपाय शोधला : पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग चिमूटभर घालायचे. १९२३ साली ते पेट्रोल विक्रीस आले. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत ते संयुग तयार करणारे पाच कामगार वेड लागून तडफडून मेले. मिजली यांनी वार्ताहरांसमोर त्याच द्रवाने हात धुऊन दाखविले. पण स्वतः त्यांनाही आदल्याच वर्षी शिशाची बाधा होऊन विश्रांतीला जावे लागले होते. तरी उद्योग थांबला नाही. पुढची पन्नास वर्षे जगातली बहुतेक इंजिने शिसे ओकत राहिली. दहा-अकरापट दाबाची पैलवान इंजिने तर त्यावाचून चाललीच नसती.

हे देणे दाखवून दिले ते मोटारींशी काही संबंध नसलेल्या माणसाने. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनशास्त्रज्ञ. पृथ्वीचे वय सुमारे साडेचार अब्ज वर्षे आहे हे त्यांनी १९५६ साली शिशाच्या मोजणीवरूनच ठरविले. ती मोजणी करताना त्यांना सगळीकडे नको तितके शिसे सापडू लागले. १९६५ साली त्यांनी लिहिले, की आजच्या माणसाच्या अंगातले शिसे निसर्गाचे नव्हे, ते आपण घातलेले आहे. शिसे सर्वांत बाधते ते लहान मुलांच्या मेंदूला. वुडवर्डच्या कडेला शनिवारी रात्री आम्ही छाती भरून जो वास घेत होतो, त्यात ते होते. आमच्या शेजारी आईबापांच्या खांद्यावर बसून टाळ्या पिटणारी मुलेही तोच वास घेत होती. हे आठवले की त्या रात्रींचा आनंद मला निर्भेळपणे आठवता येत नाही.

१९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला. १९७१ पासून जनरल मोटर्सने हलक्या पेट्रोलवर चालतील अशी कमी दाबाची इंजिने आणली. विमा कंपन्यांनी तरुणांच्या पैलवान गाड्यांचे हप्ते आधीच आकाशाला भिडवले होते. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि तो जमाना संपला. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचे शिसेयुक्त पेट्रोल १९९६ च्या आरंभी पुरते बंद झाले, आपल्याकडे २००० साली. आणि सर्वांत शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये.

आता माझ्या स्वतःच्या मूर्खपणाची कथा सांगतो आणि थांबतो.

१९८३ साली मी एक जुनी, १९६८ ची शेव्हेल गाडी घेतली. इंजिन ३२७ घनइंचांचे. दादांचा मुलगा मी; हात शिवशिवत होते. मी तिला शर्यतीचा कॅम घातला. कॅम म्हणजे झडपा केव्हा उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या हे ठरविणारा दांडा. शर्यतीचा कॅम त्या फार वेळ उघड्या ठेवतो. वेगात असताना इंजिन खोल श्वास घेते, पण सावकाश चालताना आत आलेला श्वास पुन्हा बाहेर सांडतो. इंजिन धडधडू लागते. तो आवाज पोरांना फार आवडतो. मलाही आवडला. ते बंद पडू नये म्हणून मी त्याचा किमान वेग वाढवून ठेवला. वर ८५० मापाचा भला थोरला कार्ब्युरेटर बसविला.

एका दुपारी पत्नी आणि सात वर्षांची मुलगी यांना घेऊन शाळेजवळच्या चौकातून चाललो होतो. गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि तिसऱ्या वेळी ब्रेक दगडासारखा घट्ट झाला. त्या गाडीच्या ब्रेकला मदत होते ती इंजिनाच्या शोषणाची, आणि माझ्या धडधडणाऱ्या इंजिनात शोषण उरलेच नव्हते. वर वाढविलेला वेग गाडीला पुढे रेटत होता. समोर पांढऱ्या पट्ट्यांवरून एक मुलगा दप्तर सावरीत चालला होता. मी दोन्ही पाय ब्रेकवर रोवून अक्षरशः उभा राहिलो. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्याने वळूनही पाहिले नाही. पत्नी काही बोलली नाही; घरी येईपर्यंत कोणीच बोलले नाही.

त्या रात्री मी दादांना पत्र लिहिले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. त्यात उपदेश नव्हता. एवढेच लिहिले होते : "ब्रेकच्या खिशातून काढलेस. तो खिसा तुझा नव्हता."

हिवाळाभर मी ते इंजिन पुन्हा बांधले. कॅम सौम्य घातला. दट्टे बदलून दाब नऊपटींवर आणला, म्हणजे शिशावाचूनचे पेट्रोल चालावे. शिशाचा लेप नसला तर धुराच्या झडपांची बैठक झिजते, म्हणून तेथे कठीण पोलादाची कडी बसविली. कार्ब्युरेटरचा हिशेब कागदावर केला : चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा पोट भरते, तेव्हा ३२७ घनइंचांचे इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्या घेताना ४७३ घनफूट हवेपेक्षा जास्त मागूच शकत नाही. म्हणजे ६०० चा कार्ब्युरेटर पुरून उरला असता. ८५० च्या तोंडातून हवा इतकी मंद वाहते, की पायाखालच्या हलक्या दाबाला पेट्रोल नीट ओढलेच जात नाही. ठिणगी उभ्या इंजिनाला दहा अंश आधी, भरवेगात चौतीस. एवढेच.

ती गाडी कागदावर पूर्वीपेक्षा दुबळी झाली होती. पण ती थंडीत पहिल्या हाकेला उठू लागली, बाजारहाट करू लागली, आणि सिग्नल हिरवा झाल्यावर मागच्या सीटवरून मुलीच्या हसण्याचा आवाज येईल इतपत पळतही होती. पुढे याच गाडीवर ती मोटार शिकली. दादा ती गाडी पाहायला कधी आले नाहीत. आता ती माझ्या नातवाकडे आहे. गेल्या दिवाळीत तो मला विचारीत होता, "आजोबा, हिची ताकद अजून किती वाढवता येईल?"

मी हात पुसले आणि त्याला म्हटले, "वाढेल की. पण काय सोडणार, आणि कोणाच्या खिशातलं, ते आधी सांग."